३६ भोकांचा हब आणि ३२ भोकांची रिम

हबला (चाकाच्या मध्यातल्या, आसावर फिरणाऱ्या भागाला) जितकी भोके तितकीच रिमला (बाहेरच्या कड्याला) हवीत, हा सायकलचे चाक बांधण्याचा पहिला नियम. तो इतका सरळ आहे की त्याचे कारण विचारण्याची पाळी सहसा येत नाही. ती येते तेव्हा हातात एक जुना, नीट जपलेला, अजून बरीच वर्षे फिरू शकेल असा ३६ भोकांचा हब असतो आणि हव्या त्या मापाची चांगली रिम मात्र ३२ भोकांचीच मिळत असते. हे वरचेवर घडते, कारण हब आणि रिम यांचे आयुष्य सारखे नाही. रिमवर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकने रिमची भिंत झिजत जाते आणि खड्ड्यात आदळून ती चेपते. हबमधले छर्रे आणि ते ज्यांवर फिरतात ते शंकू मात्र बदलता येतात, त्यात ग्रीस भरता येते, आणि गिअर पोटात असलेला हब असेल तर तो टाकून देण्याचा विचारही मनात येत नाही. त्यामुळे एकाच हबभोवती दोन-तीन रिमा येऊन जातात आणि दरम्यान भोकांच्या, म्हणजेच तारांच्या, संख्येची चालरीत बदललेली असते. जुन्या ब्रिटिश सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत. पुढे ३६ हा आकडा सर्वत्र रुळला, मग ३२, आणि हलक्या चाकांत २८ आणि २४.

अशा वेळी मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे हब विसरून जा, नाहीतर जुळणारी रिम शोधत राहा. दोन्ही सल्ले शहाणपणाचे आहेत आणि बहुतेकांनी ते ऐकावेत. पण न जुळणाऱ्या संख्यांचे चाक बांधताच येत नाही, असे जे त्यात गृहीत धरलेले असते ते खरे नाही. चाकात विषमता ठेवावीच लागली तर ती कुठे ठेवायची, एवढाच खरा प्रश्न आहे. माझ्या मते ती हबजवळ ठेवावी, रिमजवळ ठेवू नये.

तारांचे चाक ओढीवर उभे असते. लाकडी आऱ्यांच्या चाकात खालचा आरा भार दाबाने पेलतो. तारेला दाब सोसत नाही, ती वाकून मोकळी होते. म्हणून प्रत्येक तार आधीच इतकी ताणून ठेवायची की चाक जमिनीला टेकते तिथल्या तारांचा ताण कमी झाला तरी तो शून्यावर जाऊ नये. जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये विमानाच्या चाकासाठी ही कल्पना मांडली होती, १८६९ मध्ये युजीन मेयर यांनी फ्रान्समध्ये तारांच्या चाकाचे पेटंट घेतले आणि १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी तारा केंद्रातून सरळ न काढता हबला स्पर्श करून जातील अशा तिरक्या बसवल्या. आजचे चाक त्या रचनेहून फार वेगळे नाही. मागच्या चाकात गिअरच्या बाजूच्या एकेका तारेत साधारण १००० ते १२०० न्यूटन, म्हणजे १०० ते १२० किलोचे वजन टांगल्याइतका ताण असतो आणि असा ताण सगळीकडून ओढत असताना ती पातळ रिम गोल राहते, ती केवळ ही ओढ परिघावर सारखी वाटली गेल्यामुळे. हब ठोस आहे. त्याच्या कडेवर, म्हणजे फ्लँजवर, एखादे भोक रिकामे राहिले तर त्याला त्याचे काहीच वाटत नाही. रिमला मात्र प्रत्येक रिकामी जागा जाणवते.

हे पटवून घ्यायचे असेल तर उलटा जोड आधी पाहावा: हब ३२ भोकांचा आणि रिम ३६ भोकांची. रिमची चार भोके रिकामी ठेवावी लागतात. ९वे, १८वे, २७वे आणि ३६वे भोक सोडले तर कागदावर हिशेब सुरेख जुळतो, कारण रिमची भोके एक उजव्या आणि एक डाव्या फ्लँजसाठी अशी आलटून-पालटून असल्याने दोन रिकाम्या जागा उजव्या बाजूच्या आणि दोन डाव्या बाजूच्या येतात, त्याही समोरासमोर. तरीही चाक मनासारखे होत नाही. जिथे उजवी तार नाही तिथे तिच्या दोन्ही शेजारच्या तारा डाव्या आहेत आणि त्या रिमला डावीकडे ओढतात. रिम सरळ ठेवायची तर त्या दोघींना सैल करावे लागते आणि त्यांच्यापलीकडच्या उजव्या तारांना जास्त ओढावे लागते. म्हणजे चाकाचा आऊट (डगमग) काढता येतो, पण ताण सारखा करता येत नाही. ताण सारखा केला तर आऊट राहतो. या दोहोंपैकी एकच निवडावे लागते असे चाक काही काळ चालते, आणि मग सैल तारांचे निपल (तार रिमला धरून ठेवणारे छोटे नट) फिरू लागतात. रिमला भोके जास्त असतील तर मी तो जोड सोडून देतो. फार तर ३६च्या रिममध्ये २४चा हब बसवताना दोन तारा आणि एक रिकामे भोक असा क्रम धरता येतो. तिथे निदान प्रत्येक जोडीत एक उजवी आणि एक डावी तार शेजारी येते आणि त्यांची बाजूची ओढ एकमेकींना खोडते. १९९०च्या दशकात रोल्फ नावाने विकल्या गेलेल्या चाकांत तारांच्या अशाच जोड्या होत्या, पण त्यांच्या रिमा त्या मोठ्या अंतरांसाठीच घडवलेल्या होत्या.

आता सुलटा जोड. हब ३६चा, म्हणजे प्रत्येक फ्लँजवर १८ भोके, दोन भोकांत २० अंशांचे अंतर. रिम ३२ची, म्हणजे प्रत्येक बाजूच्या वाट्याला १६ भोके, दोहोंत साडेबावीस अंश. प्रत्येक फ्लँजवरची समोरासमोरची दोन भोके सोडून द्यायची. रिमची सगळी भोके भरली जातात, रिमला सगळीकडून सारखी ओढ मिळते, आणि तफावत राहते ती फक्त तारांच्या कोनांत. आठ भोकांचा एक गट घेऊन त्याचा मध्य रिमवरच्या आठ भोकांच्या मध्याशी जुळवला, तर मधल्या तारा आपल्या योग्य जागेपासून सव्वा अंश सरकतात, पुढच्या पावणेचार, त्यापुढच्या सव्वासहा आणि टोकाच्या पावणेनऊ अंश. तारा फ्लँजच्या आतून-बाहेरून आलटून-पालटून घालण्याचा क्रमही मोडत नाही, कारण आठ ही सम संख्या आहे.

कोन सरकला की तारेची लांबी बदलते. किती बदलते हे शाळेतल्या कोसाइनच्या नियमाने काढता येते: फ्लँजवरच्या भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या, निपलच्या बैठकीपर्यंतची रिमची त्रिज्या, या दोहोंमधला कोन, आणि फ्लँजचे चाकाच्या मध्यप्रतलापासूनचे अंतर, एवढी चार मापे पुरतात. फ्लँजची त्रिज्या साडेबावीस मिलिमीटर, रिमची ३०० आणि मध्यापासूनचे अंतर ३५ धरून तीन क्रॉसचे, म्हणजे प्रत्येक तार त्याच बाजूच्या तीन तारांना ओलांडून जाते असे, पुढचे चाक मांडले, तर उजव्या बाजूला साडेसदुसष्ट अंशांच्या एकाच कोनाऐवजी चार कोन येतात: पावणेएकोणसाठ, पावणेचौसष्ट, पावणेएकोणसत्तर आणि पावणेचौऱ्याहत्तर अंश. त्यांच्या लांब्या अनुक्रमे सुमारे २९१, २९३, २९४.७ आणि २९६.६ मिलिमीटर. एका अंशाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटरहून थोडे जास्त, असा हा भाव आहे. फ्लँज मोठी असेल तर तो अर्ध्या मिलिमीटरच्याही वर जातो, म्हणून पोटात गिअर असलेले मोठ्या फ्लँजचे हब या खेळात जास्त कटकटीचे ठरतात.

निपल थोडीफार चूक पोटात घालतो, पण त्यालाही हद्द आहे. तारेचे टोक निपलच्या खाचेच्या तळाशी यावे. एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे चालतो. तार त्याहून लांब झाली तर आटे संपतात आणि निपल पुढे जात नाही, आखूड राहिली तर निपलचे डोके केवळ पितळावर लटकते आणि एखाद्या दिवशी तुटून रिममध्ये खुळखुळते. साडेपाच मिलिमीटरचा पल्ला एका लांबीत बसवणे त्यामुळे शक्यच नाही. चार लांब्यांच्या तारा घ्याव्या लागतात, आणि त्या सहसा एक किंवा दोन मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळत असल्याने हे वाटते तितके कठीण नाही. लांबी काढून देणारी बहुतेक गणकयंत्रे दोन्हीकडच्या संख्या सारख्याच धरतात, पण त्यांना फसवता येते. भोके ३२ सांगावीत आणि क्रॉस तीन न सांगता २.६१, २.८३, ३.०६ आणि ३.२८ असे सांगावेत. अपूर्णांक स्वीकारणारे गणकयंत्र निमूटपणे बरोबर उत्तरे देते. अर्धवट क्रॉस असा प्रकार प्रत्यक्षात नसतो, तरी हिशेबात त्याला पूर्ण अर्थ आहे.

खरी गंमत डाव्या फ्लँजवर आहे. उजवीकडची दोन रिकामी भोके ठरली की डावीकडची त्यांच्याशी काटकोनात ठेवावीत असे कोणालाही वाटेल. डोळ्यांना ते समतोल दिसते. हिशेब मात्र नको म्हणतो. डाव्या फ्लँजची भोके उजव्याच्या मधोमध, म्हणजे १० अंशांनी सरकलेली असतात, आणि रिमवर डावी भोके उजव्यांपासून सव्वाअकरा अंशांवर असतात. डावीकडचे रिकामे भोक उजवीकडच्या रिकाम्या भोकाच्या लगतचे निवडले, तर दोन्ही गटांच्या मध्यांत फक्त सव्वा अंशाची तफावत राहते, जी अर्ध्या मिलिमीटरच्या आत निभावते. काटकोनात ठेवले तर तीच तफावत सव्वाअकरा अंशांवर जाते आणि डाव्या बाजूला लांब्यांचा वेगळाच गोंधळ उभा राहतो. हे समजले तेव्हापासून मी अशा चाकाचा आराखडा डोळ्यांनी ठरवत नाही. दोन फ्लँज वेगवेगळ्या न पाहता दोघींचे रिमशी असलेले नाते एकत्र मांडावे लागते, आणि कागदावर दोन वर्तुळे काढून भोकांचे अंश लिहून काढण्यात जो वेळ जातो तो पुढे किल्ली फिरवताना वाचतो.

कोणता जोड जमेल आणि कोणता त्रास देईल याचा अंदाज भोकांच्या संख्यांचा मसावि काढून येतो. चाकांच्या नेहमीच्या संख्या, २०, २४, २८, ३२, ३६, ४०, सगळ्या ४ने भागल्या जाणाऱ्या आहेत, कारण उजवी-डावी आणि आतून-बाहेरून असे मिळून तारांचे चार प्रकार होतात. त्यामुळे कोणत्याही दोन संख्यांचा मसावि निदान ४ असतोच, आणि म्हणूनच प्रत्येक फ्लँजवर रचनेची निदान दोनदा पुनरावृत्ती होते. चाक एकाच बाजूला कलंडण्याची भीती राहत नाही. ३६ आणि ३२ किंवा ३६ आणि २८ यांचा मसावि ४च, म्हणून त्यांत लांब्यांचे प्रकार जास्त. ४० आणि ३२ यांचा ८. जुना ४०चा हब ३२च्या रिममध्ये त्यामुळे बराच सुखाने बसतो, दर पाच भोकांतले एक सोडत. ३६ आणि २४ यांचा तर १२. तिथे फ्लँजवरचे दर तिसरे भोक सोडायचे, आणि एका बाजूच्या सगळ्या तारा एकाच लांबीच्या येतात. मात्र दुसऱ्या बाजूला फ्लँजच्या त्या १० अंशांच्या सरकण्यामुळे ५ अंशांची तफावत उरते आणि दोन क्रॉसच्या चाकात तीन-साडेतीन मिलिमीटरच्या फरकाने दोन लांब्या घ्याव्या लागतात. मसाविवर एवढ्यापुरताच भरवसा ठेवावा. तो एका फ्लँजबद्दल बोलतो, दोघींच्या नात्याबद्दल नाही.

या सगळ्यांत माझा आवडता जोड ३२चा हब आणि २४ची रिम, तोही मागच्या चाकाचा. दोन्ही बाजूंना बारा-बारा तारा घालण्याऐवजी गिअरच्या बाजूला फ्लँजची सगळी १६ भोके भरायची आणि डावीकडे एकाआड एक अशी फक्त ८. रिमवर उजवी, डावी, उजवी असे तिघींचे आठ गट होतात. इथे तडजोड म्हणून सुरू झालेली गोष्ट मूळ चाकापेक्षा सरस ठरते. मागच्या हबमध्ये कॅसेटला (गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचाला) जागा द्यावी लागल्याने उजवी फ्लँज मध्याच्या जवळ असते आणि डावी दूर. समजा ती अंतरे १८ आणि ३६ मिलिमीटर आहेत. बारा-बारा तारांच्या चाकात रिम मध्यावर राहण्यासाठी डाव्या तारांचा ताण उजव्यांच्या निम्माच ठेवावा लागतो. उजवीकडे ११०० न्यूटन असतील तर डावीकडे साडेपाचशे. मागच्या चाकाच्या डाव्या तारा सैल पडतात आणि वारंवारच्या सैल-ताठ होण्याने तुटतात, याचे मूळ इथे आहे. डावीकडच्या तारा निम्म्या केल्या की प्रत्येकीवर दुप्पट ताण येतो आणि दोन्ही बाजू सारख्या होतात. कॅम्पॅग्नोलोची तिघींच्या गटांची चाके, २१ तारांपैकी १४ उजवीकडे आणि ७ डावीकडे, याच तत्त्वावर बांधलेली आहेत. फरक इतकाच की त्यांचे हब आणि रिमा त्यासाठी मुद्दाम बनवतात आणि इथे ते साध्या सुट्या भागांतून साधते.

भूमितीही इथे आश्चर्य वाटावे इतकी अनुकूल आहे. डाव्या फ्लँजची भोके उजव्यांच्या बरोबर मधोमध असल्याने प्रत्येक गटातली डावी तार तिच्या दोन उजव्या सोबतिणींच्या अगदी मध्यावर येते आणि केंद्रातून सरळ बाहेर जाते, एका अंशाचाही फरक न पडता. उजवीकडे रिमवरची अंतरे ३० आणि १५ अंश अशी आलटून-पालटून येतात, पण तो फरक प्रत्येक तारेला सारखाच, पावणेचार अंशांचा पडतो. म्हणजे उजव्या सगळ्या तारा एका लांबीच्या, नेहमीच्या दोन क्रॉसपेक्षा सुमारे एक मिलिमीटरने वेगळ्या, आणि डाव्या सगळ्या दुसऱ्या एका लांबीच्या. ३६-३२ च्या चार लांब्यांनंतर हे फार सुटसुटीत वाटते. खोट एकच आहे. रिमची भोके आलटून-पालटून उजवीकडे-डावीकडे किंचित सरकवलेली असतात, तिघींच्या गटांत तो क्रम टिकत नाही, आणि निम्म्या तारा चुकीच्या बाजूला झुकलेल्या भोकात जातात. भोके जवळजवळ मध्यावर असलेल्या रिमला याने काही होत नाही. ती तिरकी पाडलेली असतील तर निपल वाकडा बसतो आणि तार आट्यांपाशी तुटते. अशी रिम या कामाला घेऊ नये.

लांब्यांच्या कटकटीतून सुटण्याची एक पळवाट सगळ्यांना सुचते: पुढच्या चाकात सगळ्या तारा केंद्रातून सरळ काढाव्यात. हिशेब तिला दुजोरा देतो. तार सरळ असताना पावणेनऊ अंशांच्या सरकण्याने लांबीत जेमतेम पाव-तीन दशांश मिलिमीटरचा फरक पडतो, तोही प्रत्येक बाजूला एकच लांबी घेऊन सहज सामावतो. पण सरळ तार फ्लँजच्या भोकाबाहेरचा तो बारीक धातू थेट बाहेर ओढते, आणि जुन्या हबच्या फ्लँजवर आधीच्या तिरक्या तारांचे वळ उमटलेले असतात. अनेक हब बनवणारे सरळ तारांना मनाई करतात ती उगाच नाही. शिवाय डिस्क ब्रेकच्या चाकात ब्रेकचा पीळ हबकडून रिमकडे जायला तिरक्या तारा लागतातच. ३२-२४ च्या मागच्या चाकातही डिस्क असेल तर डावीकडच्या आठ तारा मी एक क्रॉसने तिरक्याच घालतो.

तारा छेडून त्यांच्या सुरावरून ताण ओळखणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. सूर हा ताण, जाडी आणि लांबी या तिन्हींवर ठरतो. सुमारे २९४ मिलिमीटरच्या तारांत साडेपाच मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळपास दोन टक्के. तेवढ्याने सूर दोन टक्के चढतो किंवा उतरतो, आणि त्याला ताणाचा फरक समजून कान जुळवत बसले तर ताणात चार टक्क्यांची चूक पडते. हे फार नाही, हाताने बांधलेल्या चाकात एवढा फरक खपून जातो, पण कान तयार असलेल्या माणसाला ते खटकत राहते आणि तो किल्ली फिरवत राहतो. सारख्या लांबीच्या तारा एकमेकींशी जुळवाव्यात आणि मग ताणमापकाने चारही गट एकमेकांशी ताडून पाहावेत.

दोघांच्या सायकलीचे मागचे चाक, जड सामान नेणारे चाक किंवा तिरक्या भोकांची कार्बन रिम यांच्या वाट्याला मी हे जात नाही. तिथे जुळणारा हब घेणेच स्वस्त पडते, मग त्याची किंमत काहीही असो. इतरत्र, हब जपण्यासारखा असेल आणि रिमला भोके कमी असतील, तर एका दुपारचा हिशेब आणि एका संध्याकाळचे काम यांत चांगले चाक उभे राहते. त्यानंतर ते चाक एकच जादा मागणी करते. तार तुटली की तिच्या जागी कोणती लांबी घालायची हे चाकाकडे पाहून कळत नाही. शेजारची तार मोजून घातली तर ती दोन मिलिमीटरने चुकीची निघू शकते. म्हणून रिमवर निपल झाकणारी पट्टी चढवण्याआधी व्हॉल्व्हच्या भोकापासून क्रमाने सगळ्या तारांच्या लांब्या आणि हबची सोडलेली भोके एका कागदावर लिहून काढतो. त्याची एक प्रत पट्टीखाली चिकटवतो आणि प्रत्येक लांबीच्या दोन-दोन जादा तारा त्याच सायकलच्या नळीला बांधून ठेवतो.